बेडसोअर: जखम आजाराची की काळजीची?

लकवा झालेले किंवा खुब्याचं हाड मोडलेले आजोबा अकोल्याच्या दवाखान्यातून बार्शीटाकळीला घरी येतात आणि काही दिवसांत माकडहाडापाशी जखम दिसते. घरचे म्हणतात, "डॉक्टरसाहेब, पडून राहिलं की हे होणारच ना?" हा समज जुना आहे. एकेकाळी मोठमोठ्या डॉक्टरांचाही तोच होता.

19व्या शतकात पॅरिसचे नामवंत मज्जासंस्था तज्ज्ञ शार्को यांचं मत होतं, की मेंदू किंवा मज्जारज्जूला इजा झाली की त्यातूनच ही जखम होते. म्हणजे काळजी घेऊन फार काही साधणार नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी त्याआधीच, 1859च्या सुमारास, उलट लिहून ठेवलं होतं: बेडसोअर हा बहुधा आजाराचा नव्हे, तर शुश्रूषेचा दोष असतो.

पुढे दुसऱ्या महायुद्धात मणक्याला गोळी लागलेले सैनिक जखमा आणि लघवीच्या संसर्गाने दगावत. 1944 साली इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमन यांनी त्यांची कूस दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, बदलायला लावली. 1962 साली डोरीन नॉर्टन या परिचारिकेने वृद्ध रुग्णांचा अभ्यास करून, कोणाला धोका जास्त हे ओळखायची गुणपद्धत दिली.

कारण साधं आहे. हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दाबली जाते, बारीक रक्तवाहिन्या बंद होतात आणि तो भाग उपाशी मरतो. ओल, घासणं आणि कुपोषण यांनी नुकसान वाढतं.

याचं सर्वात मोठं उदाहरण आपल्या महाराष्ट्रातलंच आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर 27 नोव्हेंबर 1973 रोजी हल्ला झाला आणि मेंदूला कायमची इजा झाली. 18 मे 2015 रोजी निधन होईपर्यंत, जवळजवळ 42 वर्षं, त्याच रुग्णालयातल्या परिचारिकांनी त्यांना सांभाळलं. दयामरणाचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा अंथरुणाला खिळून इतकी वर्षं झाली तरी त्यांना एकही बेडसोअर झालेला नाही, हे केईएमच्या डॉक्टरांचं निवेदन 2011च्या निकालात नोंदलं गेलं.

हे कुणा एकीने केलं नाही. पाळ्या बदलत गेल्या, परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या, पण काम थांबलं नाही. आपल्याकडे मात्र सगळा भार एकट्या सुनेवर किंवा म्हाताऱ्या बायकोवर पडतो आणि जखम झाली की बोलही तिलाच लागतो. नाइटिंगेलबाईंचं वाक्य दोष द्यायला वापरू नका. आजार फार बळावला असेल, तर उत्तम काळजी घेऊनही काही वेळा जखम होते. त्यापेक्षा घरातल्या सगळ्यांनी पाळ्या वाटून घ्या. रात्रीची एक पाळी मुलाची असावी.

घरी काय कराल?

- साधारण दर दोन तासांनी कूस बदला. वेळ भिंतीवरच्या कागदावर लिहा.
- रुग्णाला ओढू नका. खाली चादर घालून दोघांनी उचलून सरकवा.
- पोटरीखाली उशी देऊन टाचा अधांतरी ठेवा.
- माकडहाड, खुबे, टाचा रोज पाहा. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही. तो भाग गरम, कडक किंवा दुखरा लागतो का, ते हाताने तपासा.
- लाल झालेली जागा चोळू नका. स्पिरिटने रगडायची जुनी पद्धत आता सोडलेली आहे. रबरी रिंगही नको.
- लघवी-शौच झाल्यावर लगेच स्वच्छ करून कोरडं करा.
- वरण, अंडी, दूध पोटात जाऊ द्या. मधुमेह असेल तर साखर ताब्यात ठेवा. किडनीचा आजार असेल तर आहार डॉक्टरांना विचारून ठरवा.
- एअर बेडने मदत होते, पण कूस बदलणं सुटत नाही.

फोड आला, कातडी काळी पडली, वास किंवा पू येऊ लागला, ताप आला, तर हळद किंवा पावडर टाकत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. सुरुवातीची लाली दाब काढल्यावर बरी होऊ शकते. हाडापर्यंत गेलेली जखम भरायला मात्र महिने लागतात.