महाविद्यालयाचे दप्तर

एखाद्या जुन्या महाविद्यालयाचा इतिहास लिहू इच्छिणारा अभ्यासक प्रथम त्या महाविद्यालयाचेच दार ठोठावतो. हे स्वाभाविक असले तरी पुरेसे नाही. संस्था इमारतीत नांदते. तिचे कागद मात्र कारभाराच्या मागे जातात. ज्या हाती अधिकार गेला, त्या हाती दप्तर गेले. म्हणून कागद मागण्यापूर्वी संस्थेची वंशावळ मांडणे हे संशोधकाचे पहिले काम होय.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा म्हणून त्याचा उगम झाला. पेशवे श्रावणमासात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटीत. त्या निधीतील काही रक्कम एल्फिन्स्टनसाहेबांच्या कारकीर्दीत या पाठशाळेकडे वळविण्यात आली. १८५१ साली पाठशाळा व सरकारी इंग्रजी शाळा एकत्र होऊन पूना कॉलेज झाले. १८६४ साली त्याला डेक्कन कॉलेज हे नाव मिळाले आणि १८६८ साली ते येरवड्याकडील नव्या इमारतीत गेले.

ही नामांतरे टिपून ठेवली की शोधाच्या वाटा आपोआप दिसू लागतात. पूना कॉलेजच्या काळातील पत्र डेक्कन कॉलेजच्या नावाखाली शोधणाराला ते कसे सापडावे? दक्षिणेचा विषय निघाला की पेशवे दप्तराकडे वळावे लागते, आणि तेथे मोडी वाचता आल्यावाचून पाऊल पुढे पडत नाही. कॉलेज सरकारी, तेव्हा नेमणुका, वेतन, खर्च यांविषयीचा पत्रव्यवहार मुंबई सरकारच्या जुन्या दप्तरांत पाहावयास हवा. परीक्षा आणि पदव्या यांचा संबंध १८५७ साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाशी. एकाच कॉलेजसाठी अशी चार दारे ठोठवावी लागतात.

हस्तलिखितांची कथा याहून बोधप्रद आहे. मुंबई सरकारने १८६६ साली संस्कृत हस्तलिखिते जमविण्याचे कार्य हाती घेतले. ब्यूलर, कीलहॉर्न, पीटर्सन, रामकृष्ण गोपाळ भांडारकर आदी पंडितांच्या परिश्रमाने सतरा हजारांहून अधिक पोथ्या गोळा झाल्या. हा संग्रह प्रथम मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात होता, पुढे डेक्कन कॉलेजात आला आणि १९१८ साली भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या स्वाधीन झाला. जुन्या ग्रंथाच्या तळटीपेत डेक्कन कॉलेजच्या पोथीचा उल्लेख आढळला, तर ती आज भांडारकर संस्थेत पाहावी लागते. आणखी एक सूक्ष्म गोष्ट अशी की, या पोथ्यांच्या क्रमांकाला एक साल जोडलेले असते. ते पोथी संग्रहात आल्याचे साल. लिहिली गेल्याचे नव्हे. हा भेद ध्यानी न घेणारा अभ्यासक एखादी पुरातन पोथी सहज एकोणिसाव्या शतकात आणून बसवील!

कागद हाती आला म्हणजे काम संपले असे नाही. तेथून खरी परीक्षा सुरू होते. हा कागद कोणी लिहिला, कोणाला लिहिला आणि कशासाठी लिहिला? प्राचार्याने वरिष्ठांस पाठविलेल्या वार्षिक अहवालात यश ठळक असावयाचे. अडचणी शोधण्यासाठी त्याच वर्षाचे खर्चाचे आकडे व तक्रारअर्ज जवळ ठेवावे लागतात. जे नोंदले गेले नाही, तेही काही सांगते. विद्यार्थ्यांची नावे मिळतात, पण शिपायांची व मुदपाकखान्यातील माणसांची क्वचितच. प्रत्येक उताऱ्यासमवेत रुमालाचा क्रमांक, पृष्ठ आणि पाहिल्याची तारीख शिसपेनीने टिपून घ्यावी. शाईची दौत कागदांपासून दूरच बरी.

हे सारे केवळ पंडितांचे कुतूहल नव्हे. १९३४ साली सरकारने डेक्कन कॉलेज बंद केले. माजी विद्यार्थ्यांनी तो निर्णय मुकाट्याने मानला नाही. प्रकरण न्यायालयात गेले, आणि १९३९ साली पदव्युत्तर अध्ययन व संशोधनाची संस्था म्हणून कॉलेजची दारे पुन्हा उघडली. संस्था कोणाची, तिला मिळालेले दान कोणत्या हेतूने दिलेले, असे प्रश्न जेव्हा उभे राहतात, तेव्हा आठवणी अपुऱ्या पडतात. कागदच साक्ष देतो. तो साक्षीदार पुढील पिढीलाही भेटावा, यासाठी रुमाल ज्या क्रमाने सोडला त्याच क्रमाने पुन्हा बांधून ठेवणे, हे संशोधकाचे शेवटचे, परंतु पहिल्याइतकेच महत्त्वाचे कर्तव्य आहे.