खिशांतील विजेचा संचय

मोबाइलसाठीं ‘पॉवर बँक’ घेणारा गृहस्थ प्रथम तिच्यावरील मोठा आंकडा पाहतो. त्या आंकड्यामागें सव्वादोनशें वर्षांचा इतिहास आहे.

इ. स. १८०० मध्यें इटलींतील व्होल्टा यांनीं जस्ताच्या व तांब्याच्या चकत्या, मिठाच्या पाण्यांत भिजविलेले थर मध्यें घालून, एकावर एक रचल्या आणि अखंड विद्युत्प्रवाह मिळविला. पण ती रास पुन्हां भरतां येत नसे. १८५९ मध्यें फ्रान्समधील प्लान्ते यांनीं पुन्हां पुन्हां भरतां येणारा शिशाचा घट सिद्ध केला. तो मात्र फार जड. हलकेपणासाठीं पुढें लिथियम आलें. परंतु घट भरतांना त्या शुद्ध धातूच्या सुया वाढून आंतल्या आंत संपर्क होई व आग लागे. १९८५ मध्यें जपानच्या योशिनो यांनीं धातूऐवजीं कार्बन योजून हा धोका पुष्कळ कमी केला. १९९१ मध्यें असे घट बाजारांत आले. २०१९ मध्यें गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो यांस नोबेल पारितोषिक मिळालें.

पेटीवरील १०,००० मिलिअँपिअर-तास हे आंतील घटाच्या सुमारें ३.७ व्होल्ट दाबावरचे, म्हणजे ३७ वॅट-तास होत. ५ व्होल्टवर तेच ७,४०० भरतात, आणि त्यांतूनही कांहीं ऊर्जा उष्णतेंत जाते. म्हणून तुलना वॅट-तासांनीं करावी. फुगलेली पेटी तत्काळ वापरांतून काढावी. विमानांतही ती प्रवाशाजवळच ठेवावी लागते, कारण तेथें आग लागलीच तर ती दिसते. योशिनो यांनीं धोका कमी केला. नाहींसा केला नाहीं.