अंधाराची दोन कुळं

दक्षिण इजिप्तमध्ये मोआल्ला इथे अंख्तिफी नावाच्या एका सुभेदाराचं थडगं आहे. इ.स.पू. २१०० च्या सुमाराचा हा माणूस. राजसत्ता विस्कटली होती, दुष्काळाने दक्षिण इजिप्त होरपळत होता, आणि उपाशी माणसांना आपण धान्य कसं पुरवलं याची हकिगत अंख्तिफीने भिंतींवर मोठ्या अभिमानाने लिहून घेतली. त्या मजकुरात एक शब्दप्रयोग येतो, ‘अपेपचा वाळूचा उंचवटा’. अपेप म्हणजे सूर्यदेव रा याच्या वाटेत रोज आडवा येणारा अंधाराचा महासर्प. त्याच्या नावाच्या अगदी जुन्या उल्लेखांमध्ये हा उल्लेख मोडतो आणि तो आहे आटलेल्या नदीच्या संदर्भात. ज्यांचं सगळं दळणवळण नावेतून चालतं, त्यांना पाण्याखालचा वाळूचा उंचवटा किती घातक असतो हे कुणी सांगावं लागत नाही. नाव रुतली की प्रवास संपला. इजिप्तच्या लोकांनी आपला सूर्यही नावेतच बसवला होता. दिवसाची नाव वेगळी, रात्रीची वेगळी. तेव्हा त्याचा वैरीही नावाड्यांच्याच भीतीतून घडला.

पण अपेपला अंधाराचा देव म्हणून मोकळं होता येत नाही. इजिप्तच्या धर्मात अंधाराची दोन कुळं होती आणि त्यांतलं एक सूर्याहूनही जुनं होतं.

मध्य इजिप्तमधल्या ख्मून या नगरीचं नाव ‘आठ’ या संख्येवरून पडलेलं. ग्रीक तिला हर्मोपोलिस म्हणत, आज तिथे अल-अश्मुनैन हे गाव आहे. हे आठ म्हणजे सृष्टीच्या आधीच्या चार जोड्या. नून आणि नौनेत हे आदिम जल. हेह आणि हौहेत हे अमर्याद विस्तार. अमून आणि अमौनेत हे गुप्तपण. आणि केकू व कौकेत म्हणजे अंधार. पुरुषांना बेडकाची डोकी, स्त्रियांना सापाची. पूर ओसरल्यावर नाईलच्या गाळात अचानक जी वळवळ सुरू होते, ती ज्यांनी दरवर्षी पाहिली त्यांना सृष्टीच्या आधीचे देव असेच दिसणार. याच आठांच्या कुशीतून पहिला सूर्योदय झाला, अशी श्रद्धा होती. केकू कुणाचा शत्रू नव्हता. प्रकाशाच्या आधी जे होतं त्याचं ते नाव, आणि त्याच्याशिवाय प्रकाशाचा जन्म सांगता येत नव्हता.

मध्य राजवटीतल्या शवपेट्यांवरच्या मंत्रांमध्येही नून, हेह आणि केकू भेटतात. तिथे मात्र अमूनच्या जागी तेनेमू आहे, म्हणजे वाट चुकणं, दिशा हरवणं. अमून हा थीब्स नगरीचा सर्वश्रेष्ठ देव झाला आणि आठांच्या यादीत त्याची जागा पक्की झाली. तेनेमू मागे पडला. खरं तर अंधाराचा अनुभव तेनेमूइतका नेमका कुणीच सांगत नाही.

हा आदिम अंधार सृष्टी झाल्यावर संपलाही नव्हता. अबायडोस इथे राजा सेती पहिला याच्या मंदिरामागे एक भूमिगत वास्तू आहे. तिच्या छतावर आकाशदेवी नूत पृथ्वीवर ओणवी झालेली कोरली आहे. संध्याकाळी ती सूर्याला गिळते, पहाटे त्याला जन्म देते. सोबतच्या मजकुरानुसार आकाशापलीकडे एकसंध काळोख आहे. तिथे सूर्य उगवत नाही, तिथे दिशा नाहीत आणि त्याच्या सीमा देवांनाही ठाऊक नाहीत. त्यांच्या लेखी उजेडाचं जग म्हणजे त्या काळोखातला एक छोटा, जपून राखलेला भाग होता.

दुसरं कुळ अपेपचं. त्याची गाठ पडते ‘अमदुआत’ या ग्रंथात, म्हणजे पाताळात जे आहे त्याच्या वर्णनात. इ.स.पू. १४२५ च्या सुमारास मरण पावलेल्या थुतमोस तिसरा याच्या दफनकक्षात तो भिंतभर चितारलेला आहे. कक्ष लंबगोल, आकृत्या काटकुळ्या रेषांच्या, जणू जुना पपायरस उलगडून भिंतीला लावला आहे. आधीच्या दालनात पाताळातल्या ७४१ देवतांची यादी आहे. रात्रीचे बारा तास, आणि एकेका तासाचा वेगळा प्रदेश. वाचणाऱ्याने इथे घाई करू नये.

पहिले तीन तास पाणी भरपूर आहे. चौथ्या तासाला वाळवंट लागतं. नाव पाण्यावाचून ओढत न्यावी लागते, तेव्हा ती स्वतःच सर्प होऊन वाळूवरून सरपटते. काळोख इतका दाट की तिथले रहिवासी राला दिसत नाहीत, फक्त त्याचा आवाज त्यांच्यापर्यंत पोचतो. सहाव्या तासाला, मध्यरात्री, रा आपल्याच निष्प्राण देहापाशी येतो आणि मृतांचा राजा ओसायरिस याच्याशी एकरूप होतो. सूर्याला नवं बळ मिळतं ते इथे, सर्वांत खोल जागी. आणि लगेच सातव्या तासाला अपेप. त्याने नदीचं पाणी पिऊन टाकलेलं आहे आणि तो वाळूच्या उंचवट्यावर पसरला आहे. अंख्तिफीच्या दुष्काळातला उंचवटा सहाशेहून जास्त वर्षांनी राजाच्या थडग्यात असा अवतरतो. आयसिस या देवीच्या मंत्रांनी नाव पुढे सरकते, सर्केत देवी सर्पाला जखडते. त्याच वेळी मेहेन नावाचा दुसरा सर्प राभोवती वेटोळं घालून त्याचं रक्षण करतो. बाराव्या तासाला सगळे एका प्रचंड सापाच्या शेपटीतून आत शिरतात आणि तोंडातून बाहेर पडतात. म्हातारे शिरतात, बालकं होऊन निघतात.

अपेप रोज हरतो, पण कायमचा मरत नाही. त्याला मंदिर नाही, नैवेद्य नाही. त्याच्यासाठी होते ते फक्त नाशाचे विधी, आणि ते किती तपशिलाने केले जात हे ब्रिटिश म्युझियममधल्या ब्रेमनर-ऱ्हिंड पपायरसमुळे कळतं. इ.स.पू. चौथ्या शतकाच्या अखेरचा हा दस्तऐवज. कोऱ्या पपायरसवर हिरव्या शाईने अपेप काढायचा, मेणाचा पुतळा करून त्यावर त्याचं नाव लिहायचं, त्यावर थुंकायचं, डाव्या पायाने तुडवायचा, भाल्याने भोसकायचा, सुरीने कापायचा आणि आगीत टाकायचा. सूर्य उगवणं ही त्यांच्या दृष्टीने आपोआप घडणारी गोष्ट नव्हती. पुजाऱ्यांना त्यासाठी राबावं लागे.

आणि नावेच्या अग्रभागी भाला घेऊन उभा असलेला वीर कोण? सेत, ओसायरिसचा खुनी भाऊ. कैरो संग्रहालयातल्या हेरूबेन या पुजारिणीच्या पपायरसवर तो अपेपला भोसकताना स्पष्ट दिसतो. दांडगाईचा सामना दांडगाईनेच होतो, हे मान्य करण्याचा मोकळेपणा त्या काळात होता. पुढे सेतच बदनाम झाला आणि त्याला अपेपच्या पंगतीला बसवलं गेलं.

एका राजाने मात्र रात्रीची ही सगळी कथा पुसायचा प्रयत्न केला. इ.स.पू. चौदाव्या शतकात अखेनातेनने एकट्या सूर्यबिंबाची, आतेनची उपासना चालवली. त्याच्या राजधानीतल्या, म्हणजे अमार्नाच्या सूर्यस्तोत्रात सूर्य मावळला की जग मेल्यासारखं पडतं, सिंह बाहेर येतात, साप डसतात. नाव नाही, बारा तास नाहीत, मध्यरात्रीचं मीलन नाही. अंधार निव्वळ उणीव होऊन राहिला. मृतांच्या वाट्याला त्यात फार थोडं उरत होतं, आणि हा धर्म टिकला नाही यामागे तेही एक कारण असावं. त्याच्यानंतर काही वर्षांतच तुतनखामुनचं दफन झालं, तेव्हा त्याच्या कक्षाच्या पश्चिम भिंतीवर बारा वानर रंगवले गेले. ते ‘अमदुआत’च्या पहिल्या तासातले आहेत.

आठ आदिम देवांची कथा तर आणखी लांबली. उत्तरकाळात थीब्समध्ये अशी श्रद्धा होती की आपलं काम संपवून ते मरण पावले आणि नाईलच्या पश्चिम तीरावर, आजच्या मेदिनेत हाबू इथे, पुरले गेले. दर दहा दिवसांनी लक्सोरचा अमून नदी ओलांडून तिथे जाई आणि त्यांना जलतर्पण होई. हातशेपसुत आणि थुतमोस तिसरा यांच्या काळात उभ्या राहिलेल्या तिथल्या लहान मंदिराला इ.स. १३८ ते १६१ या काळात राज्य करणाऱ्या रोमन सम्राट अँटोनिनस पायसच्या नावाने नवं प्रांगण जोडलं जात होतं.