कागदाचे पंख आणि डोपचा वास

गेल्या हिवाळ्यात आमच्या नातवाला वाढदिवसाला बाल्सा लाकडाच्या विमानाचा संच मिळाला. पेटीत काड्या, रबर बँड, प्लॅस्टिकचा पंखा आणि टिश्यू कागद. "आजोबा, आधी रंगवूया ना!" हे त्याचं पहिलं वाक्य. म्हटलं, अरे, आधी कातडी तर चढू दे! आणि माझे हात आपोआप चालू लागले. लहानपणी चाळीत दर दिवाळीला आम्ही कामट्यांचा आकाशकंदील करायचो. खळ लावायची, कागद ताणून चिकटवायचा. सुरकुती पडली की मोठे बंधू ओरडायचे. तेच हे काम, फक्त हा कंदील उडणारा!

गंमत म्हणजे कागदाचं विमान खऱ्या विमानाच्या आधी आलं. १८७१ साली पॅरिसच्या त्वीलरी बागेत आल्फाँस पेनो या तरुणाने पिळलेल्या रबरावर चालणारं छोटं विमान उडवलं. ते ११ सेकंद हवेत राहिलं. पेनोच्याच कल्पनेवरचं बांबू, बूच आणि कागदाचं एक उडतं खेळणं १८७८ मध्ये अमेरिकेत एका वडिलांनी आपल्या मुलांसाठी आणलं. ती मुलं म्हणजे विल्बर आणि ऑर्व्हिल राइट! १९०३ च्या त्यांच्या विमानाला साधं मलमलीसारखं सुती कापड होतं. त्यावर ना डोप, ना रंग.

पण कापड दमट हवेत सैल पडतं. म्हणून 'डोप' आला. डोप म्हणजे सेल्युलोजपासून केलेला पातळ लेप. वाळताना तो आकसतो आणि कापड ढोलकीच्या पुडीसारखं ताणून धरतो. नायट्रेटचा डोप चटकन पेट घ्यायचा, म्हणून पहिल्या महायुद्धात अ‍ॅसिटेटचा वापरू लागले. तो विरघळवायला टेट्राक्लोरोइथेन लागे, आणि इथेच घात झाला.

आपल्या लंडनच्या हेंडन भागात तेव्हा विमानांचे कारखाने होते. तिथे लिननच्या पंखांवर ब्रशाने डोप चढवणाऱ्या कामगारांना, त्यात पुष्कळ बायका, कावीळ होऊ लागली. काही जण दगावले. डॉ. विल्यम विलकॉक्स यांनी तपास करून १९१५ मध्ये दोष त्या द्रावणाच्या वाफेवर ठेवला. तरी युद्धाची घाई होती. ते द्रावण बंद व्हायला १९१६ उजाडलं. वैमानिकांचे पुतळे झाले, पदकं मिळाली. पंखांना कातडी चढवणाऱ्यांची नावं कोणाला आठवतात?

पुढे खरी विमानं धातूची झाली आणि कागद, कापड, डोप ही सगळी विद्या छंदवाल्यांकडे परत आली. आमच्या इथल्या जुन्या शेजाऱ्याने मला ती शिकवली. कागद चिकटवून झाला की पाण्याचा हलका फवारा मारायचा. वाळताना तो तणावतो. मग पातळ केलेल्या डोपचे दोन-तीन हात. पंख मात्र पाटावर टाचण्यांनी दाबून ठेवायचा, नाहीतर डोप त्याला पिळून टाकतो आणि विमान गिरक्या घेत खाली येतं. १९६० च्या दशकात इस्त्रीने चिकटवायची प्लॅस्टिकची फिल्म आली. डोपचा वास गेला आणि रंगवायचं कामही गेलं. पण इतक्या छोट्या विमानाला अजून कागदच बरा, फिल्म जड पडते.

आणि रंग? नातवाला लढाऊ विमानासारखे हिरवे-तपकिरी पट्टे हवे होते. त्याला सांगितलं, रंगालाही वजन असतं राजा! चार हात दिलेस तर विमान शोभेच्या कपाटातच बसेल. शेवटी तडजोड झाली : कागद पिवळा, आणि शेपटीवर एकच लाल पट्टी.

डोप लावताना खिडकी उघडली, तर "थंडी वाजते" म्हणून तक्रार आली. मग त्याला हेंडनच्या त्या बायकांची गोष्ट सांगितली. तो गप्प झाला, आणि उठून दुसरी खिडकी त्याने स्वतःच उघडली.

रविवारी बागेत विमान उडालं. जेमतेम नऊ सेकंद, पेनोपेक्षा दोन कमी! उरलेला पिवळा कागद जपून ठेवलाय. यंदाचा आकाशकंदील त्याचाच, आणि खळ लावायचं काम नातवाकडे.