एक्सडीबग

एक्सडीबग हे पीएचपी या संगणकभाषेसाठीचे एक्स्टेन्शन, म्हणजे भाषेच्या मूळ इंजिनाला जोडला जाणारा पूरक भाग आहे. पीएचपीमध्ये लिहिलेल्या वेब अनुप्रयोगांतील दोष शोधणे, म्हणजे डीबगिंग, आणि अनुप्रयोगाच्या कोणत्या भागाला किती वेळ व मेमरी लागते याचे मोजमाप करणे, म्हणजे प्रोफायलिंग, ही त्याची दोन प्रमुख कामे होत. मूळचे नेदरलँड्सचे आज्ञावलीकार डेरिक रेथन्स यांनी ते विकसित केले असून त्याची पहिली आवृत्ती २००२ साली प्रसिद्ध झाली. त्याचा स्रोत सर्वांसाठी खुला आहे. त्याचा परवाना पीएचपीच्या परवान्यावर आधारलेला आहे.

एक्सडीबग चालत्या आज्ञावलीचे अंतरंग उघडे करून दाखवते. विकसकाच्या स्वतःच्या संगणकावर ही सोय अत्यंत उपयुक्त असते. लोकांच्या वापरात असलेल्या सर्व्हरवर मात्र तीच धोकादायक ठरू शकते. त्यामुळे विकसकाचा संगणक, चाचणीचा सर्व्हर आणि प्रत्यक्ष सेवेतील सर्व्हर या तिन्ही ठिकाणी त्याची सेटिंग वेगवेगळी ठेवावी लागते.

पार्श्वभूमी

पीएचपीची आज्ञावली सर्व्हरवर चालते आणि वापरकर्त्याच्या ब्राउझरला केवळ तयार झालेले पान मिळते. पान चुकीचे दिसले तर चूक नेमकी कोणत्या ओळीत झाली हे ब्राउझरवरून कळत नाही. यासाठी ठिकठिकाणी चलांची किंमत छापून पाहण्याची पद्धत पूर्वापार चालत आली आहे. लहान आज्ञावलीत ती पुरते. शेकडो फायलींच्या अनुप्रयोगात मात्र छापण्यासाठी घातलेल्या ओळी पुन्हा काढून टाकणे हेच एक काम होऊन बसते आणि त्यांतील एखादी ओळ चुकून तशीच राहण्याचा संभव असतो. मूळ आज्ञावलीत काहीही न घालता तिच्या चालण्याचे निरीक्षण करणे हे डीबगर या साधनाचे प्रयोजन आहे.

इतिहास

एक्सडीबगची दुसरी प्रमुख आवृत्ती २००७ साली आली. तिसरी आवृत्ती नोव्हेंबर २०२० मध्ये, पीएचपी ८.० च्या प्रकाशनाच्या सुमारास प्रसिद्ध झाली. तिसऱ्या आवृत्तीत सेटिंगची पद्धत मुळापासून बदलण्यात आली. पूर्वी प्रत्येक सुविधेसाठी स्वतंत्र कळ होती. आता 'मोड' या एकाच सेटिंगवरून कोणत्या सुविधा चालू राहतील हे ठरते. संपर्कासाठीचा पूर्वनिर्धारित पोर्टही ९००० ऐवजी ९००३ करण्यात आला, कारण ९००० हा क्रमांक पीएचपी-एफपीएम ही सर्व्हर-प्रणालीही वापरते आणि दोहोंत वारंवार संघर्ष होत असे. महाजालावरील अनेक जुन्या मार्गदर्शिकांमध्ये आजही दुसऱ्या आवृत्तीची सेटिंग्ज आढळतात. त्यांतील 'रिमोट' या शब्दाने सुरू होणारी नावे तिसऱ्या आवृत्तीत चालत नाहीत.

मोड

'मोड' या सेटिंगला पुढील किंमती देता येतात. स्वल्पविराम देऊन एकाहून अधिक किंमतीही एकत्र लिहिता येतात.

• ऑफ – कोणतीही सुविधा चालू नसते. एक्स्टेन्शन जोडलेले असले तरी वेगावर जवळजवळ परिणाम होत नाही.
• डेव्हलप – त्रुटींचे संदेश अधिक तपशिलाने दिसतात आणि चलांची किंमत सुवाच्य रीतीने छापली जाते.
• डीबग – आज्ञावली पायरीपायरीने चालवता येते.
• प्रोफाइल – प्रत्येक फंक्शनला लागलेला वेळ व मेमरी यांची नोंद फायलीत होते.
• ट्रेस – कोणते फंक्शन कोणत्या क्रमाने बोलावले गेले याची नोंद होते.
• कव्हरेज – चाचण्यांच्या वेळी आज्ञावलीतील कोणत्या ओळी प्रत्यक्ष चालल्या हे कळते.
• जीसीस्टॅट्स – निरुपयोगी झालेली मेमरी मोकळी करण्याच्या यंत्रणेची आकडेवारी मिळते.

पायरीपायरीने दोषशोधन

विकसक आपल्या संपादकात, उदाहरणार्थ पीएचपीस्टॉर्म किंवा व्हिज्युअल स्टुडिओ कोडमध्ये, आज्ञावलीच्या एखाद्या ओळीवर ब्रेकपॉइंट, म्हणजे थांबा ठेवतो. ब्राउझरने पान मागितले की आज्ञावली त्या ओळीपर्यंत चालते आणि तेथे थांबते. त्या क्षणी सर्व चलांच्या किंमती पाहता येतात, त्या बदलता येतात आणि एकेक ओळ पुढे सरकता येते.

संपादक आणि एक्सडीबग यांच्यातील संवाद डीबीजीपी या संकेतावलीनुसार चालतो. ती अ‍ॅक्टिव्हस्टेट या कंपनीतील शेन काराव्हेओ आणि रेथन्स यांनी तयार केली. या संवादात संपर्काची दिशा समजून घेणे महत्त्वाचे असते. संपादक सर्व्हरशी संपर्क साधतो असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात संपादक ९००३ या पोर्टवर वाट पाहत असतो आणि सर्व्हरवरील एक्सडीबग त्याच्याशी संपर्क साधते. जोडणी न होण्याच्या बहुसंख्य तक्रारींचे मूळ या गैरसमजात असते.

प्रत्येक विनंतीच्या वेळी हा संपर्क व्हावा की नाही, हे 'स्टार्ट विथ रिक्वेस्ट' या सेटिंगवरून ठरते. डीबग मोडमध्ये ती किंमत मुळात 'ट्रिगर' असते. म्हणजे विनंतीबरोबर विशिष्ट कुकी किंवा खूण आली तरच दोषशोधन सुरू होते. ही खूण पाठवण्यासाठी ब्राउझरची छोटी पूरक साधने उपलब्ध आहेत.

उदाहरण

समजा, एका नोंदणी अर्जात नावासाठी वीस अक्षरांची मर्यादा आहे. रोमन लिपीतील नावे स्वीकारली जातात. परंतु 'ज्ञानेश्वर' हे नाव लिहिले की 'नाव फार मोठे आहे' असा संदेश येतो. वाचणाऱ्याला त्यात चारच अक्षरे दिसतात. लांबी तपासणाऱ्या ओळीवर थांबा ठेवून पाहिले असता लांबीची किंमत ३० आढळते. पीएचपीचे 'स्ट्रलेन' हे फंक्शन अक्षरे मोजत नाही, बाइट मोजते. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात आणि या नावात व्यंजने, काना, मात्रा व हलन्त मिळून दहा चिन्हे आहेत. 'एमबी-स्ट्रलेन' हे फंक्शन वापरल्यास १० ही किंमत मिळते, तर वाचकाला दिसणारी अक्षरे मोजण्यासाठी 'ग्राफीम-स्ट्रलेन' हे फंक्शन उपलब्ध आहे. दोष नावात नसून मोजपट्टीत आहे, हे येथे चलाची प्रत्यक्ष किंमत पाहिल्यावर लगेच स्पष्ट होते.

निरनिराळ्या ठिकाणची सेटिंग

एकाच संगणकावर

सर्व्हर व संपादक एकाच संगणकावर असतील तर 'मोड' या सेटिंगला 'डेव्हलप' व 'डीबग' या किंमती देणे बहुधा पुरते. मात्र एकाच संगणकावर पीएचपीच्या अनेक सेटिंग फायली असू शकतात. डेबियन व उबंटू या प्रणालींमध्ये कमांड लाइन, अपाचे आणि पीएचपी-एफपीएम यांच्यासाठी स्वतंत्र फायली असतात. त्यामुळे कमांड लाइनवर एक्सडीबग दिसते, पण संकेतस्थळावर चालत नाही, असा प्रकार घडतो. बदल केल्यावर वेब सर्व्हर किंवा पीएचपी-एफपीएम पुन्हा सुरू करणेही आवश्यक असते.

कंटेनर व आभासी यंत्र

डॉकरच्या कंटेनरमध्ये 'लोकलहोस्ट' या नावाचा अर्थ तो कंटेनर स्वतः असा होतो. एक्सडीबग तेथे संपादक शोधू लागते आणि तो सापडत नाही. म्हणून 'क्लायंट होस्ट' या सेटिंगमध्ये 'होस्ट डॉट डॉकर डॉट इंटर्नल' हे यजमान संगणकाचे नाव द्यावे लागते. विंडोज व मॅकवरील डॉकर डेस्कटॉपमध्ये हे नाव आपोआप ओळखले जाते. लिनक्सवर ते कंटेनर सुरू करताना जोडून द्यावे लागते.

दुसरा प्रश्न फायलींच्या पत्त्यांचा असतो. कंटेनरमधील फोल्डरचा मार्ग आणि विकसकाच्या संगणकावरील मार्ग भिन्न असतात. संपादकात या दोहोंची सांगड घातली नाही तर संपर्क होतो, पण आज्ञावली थांब्यावर थांबत नाही.

दूरचा चाचणी सर्व्हर

दूरच्या सर्व्हरवरून विकसकाच्या घरातील किंवा कार्यालयातील संगणकापर्यंत थेट पोहोचणे राउटर व फायरवॉलमुळे सहसा शक्य नसते. अशा वेळी एसएसएचचा उलटा बोगदा वापरतात. सर्व्हरवरील ९००३ पोर्टवर आलेला संवाद या बोगद्यातून विकसकाच्या संगणकावर पोहोचतो. यामुळे पोर्ट महाजालावर उघडा ठेवावा लागत नाही आणि संवाद सांकेतिक रूपात जातो.

स्वयंचलित चाचण्या

पीएचपीयुनिटच्या साहाय्याने चाचण्या घेताना केवळ कव्हरेज मोड लागतो. 'एक्सडीबग मोड' या नावाचे पर्यावरण-चल सेटिंग फायलीवर मात करते, त्यामुळे तेवढ्या एका आज्ञेपुरता मोड बदलता येतो. मात्र पीएचपी-एफपीएम आपल्या प्रक्रियांपर्यंत बाहेरची पर्यावरण-चले मुळात पोहोचू देत नाही. तेथे ती वेगळी नमूद करावी लागतात.

प्रोफायलिंग

प्रोफाइल मोडमध्ये प्रत्येक विनंतीची नोंद एका फायलीत होते. ही फाइल कॅशग्राइंड या स्वरूपात असते आणि केकॅशग्राइंड, क्यूकॅशग्राइंड, वेबग्राइंड अशा साधनांत उघडून वाचता येते. तीत प्रत्येक फंक्शनसाठी दोन वेळा दिसतात : त्या फंक्शनने स्वतः घेतलेला वेळ, आणि त्याने बोलावलेल्या इतर फंक्शनांसह लागलेला एकूण वेळ. एकूण वेळ मोठा आणि स्वतःचा वेळ अल्प असेल तर विलंबाचे कारण आतील एखाद्या फंक्शनमध्ये शोधावे लागते.

फंक्शन किती वेळा बोलावले गेले हा आकडाही तितकाच बोलका असतो. शंभर लेखांची यादी दाखवणारे पान प्रत्येक लेखकाचे नाव डेटाबेसमधून स्वतंत्रपणे मागत असेल, तर यादीची एक आणि लेखकांच्या शंभर अशा १०१ विचारणा होतात. सुटी विचारणा जलद असल्याने हा दोष वाचनात लक्षात येत नाही; नोंदीत मात्र तो लगेच दिसतो.

या मोजमापाची एक मर्यादा आहे. प्रत्येक फंक्शनची नोंद घेण्यासाठीही वेळ लागतो, म्हणून लहान लहान फंक्शने असंख्य वेळा बोलावणारी आज्ञावली प्रत्यक्षापेक्षा अधिक मंद भासते. नोंदीतील आकडे परस्परांशी तुलना करण्यासाठी वापरावेत, प्रत्यक्ष वेग म्हणून नव्हे. तसेच प्रोफाइल मोड ट्रिगरशिवायही प्रत्येक विनंतीची नोंद करतो. तो विसरून चालू ठेवल्यास फायली साठत जाऊन डिस्क भरू शकते.

प्रत्यक्ष सेवेतील सर्व्हर व सुरक्षितता

लोकांच्या वापरातील सर्व्हरवर एक्सडीबग बसवू नये, असा सर्वसाधारण संकेत आहे. त्यामागे दोन कारणे आहेत. पहिले वेगाचे. एक्सडीबगची बहुतेक कामे चालू असताना आज्ञावली मंदावते, तसेच पीएचपी ८ मधील जेआयटी ही वेगवर्धक सोय बंद पडते. कंपोजर हे पीएचपीचे साधन तर एक्सडीबग आढळल्यास स्वतःला त्याच्याशिवाय पुन्हा सुरू करते.

दुसरे कारण सुरक्षिततेचे असून ते अधिक गंभीर आहे. डीबगरशी जोडलेली व्यक्ती चलांच्या किंमती पाहू शकते, म्हणजे संकेतशब्द व खासगी माहितीही पाहू शकते. शिवाय स्वतःची कोणतीही आज्ञा सर्व्हरवर चालवू शकते. 'डिस्कव्हर क्लायंट होस्ट' ही सेटिंग चालू असेल तर विनंती ज्या पत्त्यावरून आली त्याच पत्त्याशी एक्सडीबग संपर्क साधते. बंदिस्त जाळ्यात हे सोयीचे असते. खुल्या महाजालावर मात्र कोणत्याही अनोळखी व्यक्तीला सर्व्हरची किल्ली दिल्यासारखे होते.

हा धोका केवळ एक्सडीबगपुरता नाही. २०१५ साली पॅट्रिऑन या संकेतस्थळाची माहिती चोरीस गेली, तेव्हा संकेतस्थळाची दोषशोधनासाठीची प्रत लोकांना उघडी होती आणि तीत खऱ्या डेटाबेसची नक्कल होती, असे त्या कंपनीने जाहीर केले. तेथे पायथन भाषेतील वेर्कझॉइग या साधनाचा डीबगर वापरात होता. २०२१ साली लारावेलबरोबर वापरल्या जाणाऱ्या इग्निशन या त्रुटी-दर्शक साधनात असा दोष उघड झाला की, डीबग स्थिती चालू ठेवलेल्या सर्व्हरवर बाहेरच्या व्यक्तीला आपली आज्ञा चालवता येत होती. दोन्ही साधने विकसकांसाठीच होती. ती चुकीच्या ठिकाणी चालू राहिल्याने हानीचा मार्ग खुला झाला.

सेवेतील सर्व्हरचे मोजमाप करावयाचे झाल्यास नमुना-पद्धतीची साधने वापरतात. ती प्रत्येक फंक्शनची नोंद न घेता ठरावीक अंतराने आज्ञावली कोठे आहे एवढेच टिपतात, त्यामुळे वेगावर अल्प परिणाम होतो. मराठी विकिपीडिया ज्या मीडियाविकी या पीएचपी आज्ञावलीवर चालतो, तिच्यासाठी विकिमीडिया प्रतिष्ठानने एक्सायमर हे या प्रकारचे साधन विकसित केले आहे.

सेटिंगची पडताळणी

तिसऱ्या आवृत्तीपासून 'एक्सडीबग-इन्फो' हे फंक्शन उपलब्ध आहे. त्याने दाखवलेल्या पानावर चालू मोड, वाचल्या गेलेल्या सेटिंग फायली आणि जोडणीतील अडचणी दिसतात. संपर्काचा तपशीलवार वृत्तान्त हवा असल्यास 'लॉग' या सेटिंगमध्ये फायलीचा मार्ग द्यावा लागतो. थांब्यावर आज्ञावली दीर्घकाळ उभी राहिल्यास वेब सर्व्हर प्रतीक्षा संपवून ५०४ क्रमांकाची त्रुटी दाखवतो. एनजिनएक्समध्ये ही मुदत मुळात ६० सेकंदांची असते. तो आज्ञावलीतील दोष नसून विकसनाच्या संगणकावर ही मुदत वाढवून घ्यावी लागते.

सेवेतील सर्व्हरवर नवी आवृत्ती चढवताना कमांड लाइन आणि पीएचपी-एफपीएम या दोहोंच्या सेटिंगची स्वतंत्र पडताळणी करून एक्सडीबग जोडलेले नाही याची खातरजमा केली जाते. एकीकडे ते काढलेले असले तरी दुसरीकडे चालू राहिलेले असू शकते.