दुष्काळ, भाकरी आणि विश्वास: केडगावची गोष्ट

पंडिता रमाबाई म्हटलं की आपल्याला काय आठवतं? शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकातला एक छोटा परिच्छेद, शारदा सदन, विधवांचं शिक्षण, बस. दोन मार्कांच्या प्रश्नाला तेवढं पुरायचं. फार तर कुणीतरी जरा दबक्या आवाजात म्हणतं, 'त्या ख्रिस्ती झाल्या होत्या ना?' आणि विषय तिथेच संपतो.

पण या बाईंचं आयुष्य दुष्काळाच्या बाजूने वाचून बघा. सगळी गोष्टच वेगळी दिसायला लागते. एका दुष्काळाने त्यांचं घर आणि लहानपणापासूनची श्रद्धा दोन्ही नेलं. वीस-बावीस वर्षांनी आलेल्या दुसऱ्या दुष्काळात त्याच रमाबाई शेकडो मुलींना घर देत होत्या, आणि सोबत एक नवी श्रद्धाही. यातलं पहिलं वाचून पोटात गलबलतं, दुसरं वाचून मनात प्रश्न उभे राहतात. दोन्ही लिहायचा प्रयत्न करतो.

पहिला दुष्काळ

रमाबाईंचा जन्म 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे, मोठे संस्कृत पंडित. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून त्या काळी त्यांना धर्मसभेपुढे जाब द्यावा लागला होता. पुढे हे कुटुंब तीर्थयात्रा करत, देवळांत पुराणं सांगत गावोगाव फिरायचं. लोक दक्षिणा द्यायचे, त्यातला बराचसा भाग परत दानधर्मात जायचा. रमाबाईंना हजारो श्लोक पाठ होते.

1874 च्या सुमारास मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला, आणि पुराण ऐकायला येणाऱ्या लोकांकडेच धान्य उरलं नाही. डोंगरे कुटुंबाने आधी पैसे संपवले, मग दागिने, मग भांडी. देवापुढे अनुष्ठानं केली, उपास केले, ब्राह्मणांना दान दिलं. काही उपयोग झाला नाही. जंगलात झाडपाला खाऊन दिवस काढायची वेळ आली. वडिलांनी जलसमाधी घ्यायचं ठरवलं तेव्हा मुलगा म्हणाला, जातीचा अभिमान बाजूला ठेवून मी मजुरी करतो. तो बेत मोडला, पण काही दिवसांतच वडील गेले. पाठोपाठ आई गेली. आईच्या तिरडीला खांदा द्यायला माणसं पुरेनात, तेव्हा सोळा वर्षांच्या रमाबाई चौथ्या झाल्या. उंची कमी पडत होती म्हणून त्यांनी ती बाजू डोक्यावर घेतली. मग बहीणही गेली.

पुढे आत्मकथनात रमाबाईंनी या काळाबद्दल एक फार मार्मिक गोष्ट नोंदवली आहे. आपल्याला संस्कृतशिवाय काहीच येत नव्हतं, असं त्या सांगतात. ना शेती, ना हातातलं कुठलं काम, ना इंग्रजी. म्हणजे बघा, घरातल्या सगळ्यांचं एकच स्किल, आणि त्या स्किलचं मार्केट पावसावर अवलंबून! पाऊस गेला आणि अख्खं कुटुंब कोसळलं. हा मुद्दा लक्षात ठेवा, केडगावला तो परत येणार आहे.

मधली वर्षं

आता एक गैरसमज. 'दुष्काळात उपाशी होत्या, मिशनऱ्यांनी खायला दिलं, म्हणून बाटल्या' असं सरसकट ठोकून दिलं जातं. तारखा बघितल्या तर हे अजिबात बसत नाही. आईवडील गेले 1874 मध्ये, बाप्तिस्मा 1883 मध्ये. मधे नऊ वर्षं आहेत!

या नऊ वर्षांत त्या आणि भाऊ श्रीनिवासशास्त्री पायी देशभर फिरले. 1878 मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथल्या पंडितांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. 1880 मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी आंतरजातीय, नोंदणी पद्धतीने लग्न केलं. मुलगी मनोरमा झाली. 1882 मध्ये नवरा कॉलऱ्याने गेला. बावीस ते चोविसाव्या वर्षांत एवढं सगळं! त्यानंतर त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला आणि 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या.

जुनी श्रद्धा तुटलेली होती. शास्त्रात सांगितलेलं सगळं करूनही देव आले नाहीत, ही मुलीच्या वयात बसलेली ठेच होती. पण नवी श्रद्धा धरली ती भुकेपोटी नव्हे. इंग्लंडमध्ये त्यांनी सिस्टर्सचं फुलहॅमचं काम पाहिलं. समाजाने 'वाया गेलेल्या' म्हणून टाकून दिलेल्या बायकांना तिथे माणसासारखं वागवत होते. हे लोक असं का करतात, असा प्रश्न त्यांना पडला आणि उत्तर शोधता शोधता त्या बायबलपर्यंत गेल्या.

तरीही त्या कुणाच्या गुलाम झाल्या नाहीत. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरंच का, संस्कृत का नकोत, म्हणून त्यांनी सिस्टर्सशी वाद घातला. चर्चच्या सिद्धांतांवर इतक्या शंका काढल्या की त्यांना बाप्तिस्मा देणारेच वैतागले असतील :-) शाकाहार तर शेवटपर्यंत सोडला नाही. इकडे पुण्यात टीकेचं मोहोळ उठलं होतं, पण जोतीराव फुल्यांनी 1885 मध्ये 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली.

आणखी एक गोष्ट. त्या स्वतःच सांगतात की 1883 मध्ये मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता. मनाला स्वस्थता आली ती 1891 च्या सुमारास, विल्यम हॅसलम या इंग्रज पाद्र्याचं आत्मचरित्र वाचल्यावर. म्हणजे दुष्काळानंतर तब्बल सतरा वर्षांनी. आपत्तीनंतर माणसाला आधार 'सापडतो' असं आपण सहज म्हणतो, पण तो सापडायला कधीकधी अर्धं तारुण्य जातं.

दुसरा दुष्काळ

1889 मध्ये मुंबईत सुरू झालेलं शारदा सदन पुढच्याच वर्षी पुण्याला आलं. अमेरिकेतल्या मदतनिसांशी करार होता की इथे धर्माची सक्ती होणार नाही. पण काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात हे कळल्यावर 1893 मध्ये गहजब झाला. रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले, पालकांनी मुली काढून नेल्या. 'केसरी' तर आधीपासूनच विरोधात होता.

आणि मग 1896 चा पाऊस दगा देऊन गेला. मध्य प्रांतात हाहाकार उडाला. सरकारचे दुष्काळी नियम, ते प्रसिद्ध फॅमिन कोड, तोपर्यंत कागदावर तयार होते. खडी फोडायची कामं निघाली, गरीबखाने निघाले. 1897 च्या सुरुवातीला रमाबाई स्वतः तिकडे गेल्या. त्यांना जे दिसलं ते भुकेपेक्षा भयंकर होतं. एकट्या पडलेल्या मुलींना भाकरीच्या आमिषाने पळवून नेणारे लोक छावण्यांभोवती घिरट्या घालत होते. धान्य वाटण्याची सिस्टीम होती, पण मुलीला रात्री झोपायला सुरक्षित जागा देणारी सिस्टीम नव्हती. सोळाव्या वर्षी स्वतः त्या वाटेवरून गेलेल्या बाईला हे वेगळं समजावून सांगायची गरज नव्हती.

सुमारे 300 मुली त्यांनी आणल्या. कुणाच्या अंगावर फोड, कुणाच्या डोक्यात उवा, कुणी हाडांचा सापळा. काही वाचल्याच नाहीत. त्यात पुण्यात प्लेग! सदनात नवीन मुली ठेवायला अधिकाऱ्यांनी मनाई केली. सुदैवाने पुण्यापासून साधारण 60 किलोमीटरवर, केडगाव स्टेशनजवळ, त्यांनी आधीच फळबागेसाठी जमीन घेऊन ठेवली होती. मुली तिथे गेल्या. आधी तात्पुरती छप्परं, मग पक्क्या इमारती. याच वस्तीचं पुढे 'मुक्ती' हे नाव झालं. 1899-1900 चा दुष्काळ, ज्याला गुजरातेत अजून 'छप्पनियो' म्हणतात, आल्यावर तिकडूनही मुली आल्या आणि वस्ती दीड-दोन हजारांच्या घरात गेली.

एवढ्या मुलींचं करायचं काय? इथे तो मघाचा मुद्दा येतो. मुक्तीत लिहायला-वाचायला शिकवायचेच, पण प्रत्येकीच्या हाताला काम पाहिजे हा कटाक्ष होता. विणकाम, शिवण, शेती, गुरं, तेलाचा घाणा, छापखाना. विहिरी खणल्या. अंध मुलींना ब्रेल शिकवलं. ज्या मुलीच्या घरी फक्त श्लोक होते म्हणून घर बुडालं, तिने उभारलेल्या घरात एका पावसावर सगळं अवलंबून राहणार नव्हतं.

अवघड प्रश्न

मुक्ती मात्र शारदा सदनासारखी तटस्थ नव्हती. ती पहिल्यापासून उघडपणे ख्रिस्ती संस्था होती. मुलींनी मोठ्या संख्येने बाप्तिस्मा घेतला, 1905 मध्ये तर तिथे प्रार्थनेची मोठी लाट आली. मग प्रश्न येतोच: जिला परत जायला घर नाही, जी अजून लहान आहे, तिने जेवण देणाऱ्या हाताचा देव स्वीकारला तर त्याला निवड म्हणायचं का?

मला विचाराल तर पूर्ण निवड नाही म्हणता येणार. रमाबाईंना स्वतःला नऊ आणि सतरा वर्षं मिळाली, वाद घालायला संस्कृत आणि इंग्रजी मिळालं. या मुलींना तेवढी मोकळीक नव्हती, आणि हे मान्य केल्याने रमाबाई लहान होत नाहीत. पण प्रश्न उलटाही विचारायला हवा. त्या मुलींना आधीच्या आयुष्यात तरी कोणती निवड होती? आणि जे पुण्यात बसून धर्म बुडाला म्हणत होते, त्यांच्यापैकी किती जण मध्य प्रांतात मुली वाचवायला गेले? अपवाद असतील, पण टीका करणाऱ्यांची गर्दी मोठी आणि मुली उचलून आणणाऱ्यांची फार छोटी होती.

एक मात्र नक्की. केडगावला विश्वास शब्दांतून पोचायच्या आधी वस्तूंतून पोचला. अंगावरच्या फोडांना मलम, एक ताट, रात्री आतून लावता येणारं दार. उद्या आपल्याला कुणी विकणार नाही ही खात्री ज्याने दिली, त्याच्या देवावर त्या मुलीने विश्वास ठेवला, यात मला फसवणूक दिसत नाही. माणूस तसाच विश्वास ठेवतो, आपणही.

रमाबाईंनी आयुष्याची शेवटची बरीच वर्षं बायबलच्या मराठी भाषांतरात घातली. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. हट्ट एकच, साध्या बाईला कळेल असं मराठी पाहिजे. ते मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्याच बायकांच्या हातांनी छापलं गेलं. 1921 मध्ये मनोरमा गेली आणि 5 एप्रिल 1922 ला रमाबाई. संपूर्ण बायबल त्यांच्यानंतर, 1924 मध्ये प्रसिद्ध झालं.

आईवडिलांनी पाठ करून घेतलेल्या ग्रंथांनी त्यांना दुष्काळात वाचवलं नाही. मला वाटतं, म्हणूनच नवा ग्रंथ मुलींच्या हाती देताना त्यांनी सोबत खिळे जुळवायचं कामही दिलं. नुसती श्रद्धा दिली असती तर ती पुढच्या दुष्काळापर्यंतच टिकली असती.

मुक्ती मिशन आजही चालू आहे. दौंडकडे जाताना केडगाव स्टेशन लागतं, तिथे बहुतेक जण मोबाइलमध्ये डोकं घालून असतात. पुढच्या वेळी जरा खिडकीतून बाहेर बघा.