कोळसा खाणीच्या कचऱ्यावर झाडे जगवायला किती माती लागते?

चंद्रपूर, वणी किंवा उमरेडच्या बाजूने जाताना सपाट शेतांच्या पलीकडे अचानक डोंगर दिसू लागतात. हे डोंगर खाणीतून निघालेल्या माती-दगडाचे ढिगारे असतात. त्यांच्यावर हिरवळ उभी राहिली नाही, तर पावसाळ्यात गाळ नाल्यांत आणि शेतात उतरतो आणि उन्हाळ्यात धूळ गावात येते. मग नुसती रोपे लावून काम का भागत नाही?

कचरा दोन प्रकारचा

पहिला प्रकार ओव्हरबर्डन, म्हणजे कोळशाच्या थरावरची माती, मुरूम आणि खडक. दुसरा प्रकार कोळसा धुताना, म्हणजे वॉशरीत, वेगळा होणारा काळा कचरा. त्यात शेल दगड, उरलासुरला कोळसा आणि अनेकदा पायराइट नावाचे गंधकयुक्त खनिज असते. रोपांसाठी हा दुसरा प्रकार जास्त कठीण.

झाडे का मरतात?

पायराइटला हवा आणि पाणी मिळाले की गंधकाम्ल तयार होते. त्यामुळे सामू ४ च्याही खाली जाऊ शकतो. इतक्या आम्लात ॲल्युमिनियम आणि मँगनीज विरघळतात आणि मुळांना इजा करतात. नत्र आणि स्फुरद जवळपास नसतातच. भरड कचऱ्यात पाणी टिकत नाही. शिवाय काळा पृष्ठभाग उन्हात इतका तापतो की कोवळा अंकुर जमिनीलगतच करपतो. विदर्भाच्या मे महिन्यात काय होत असेल, याची कल्पना करता येते.

चार फुटांचा नियम

अमेरिकेत १९७७ मध्ये खाणींच्या जमिनीसाठी केंद्रीय कायदा झाला. त्याखालील नियमांनुसार कोळशाच्या कचऱ्याच्या ढिगावर किमान ४ फूट, म्हणजे सुमारे १.२ मीटर, जाडीचे आवरण घालावे लागते. हे साहित्य उपलब्ध असलेल्यांपैकी सर्वांत चांगले, विषारी नसलेले आणि पेट न घेणारे हवे.

जाड आवरणाची कामे तीन. मुळांना खोली आणि ओलावा मिळतो. खालचे आम्ल आणि क्षार वर चढून मुळांपर्यंत येण्याचा धोका कमी होतो. कचऱ्यात जाणारी हवाही कमी होते, त्यामुळे आतला कोळसा आपोआप पेटण्याची शक्यता घटते.

पण ही माती आणायची कुठून?

हिशोब सोपा आहे. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. त्यावर १.२ मीटर आवरण म्हणजे १२,००० घनमीटर माती. एका टिप्परमध्ये १२ घनमीटर माती धरली, तर १,००० खेपा. ढिगारा झाकण्यासाठी दुसरीकडची सुपीक जमीन खरवडली, तर एक जखम भरताना दुसरी होते.

म्हणूनच त्याच नियमात सवलतही आहे. कचऱ्याच्या भौतिक आणि रासायनिक तपासणीतून झाडे टिकतील असे दिसले, तर ४ फुटांपेक्षा कमी आवरणाला परवानगी मिळू शकते. त्यासाठी चुना घालून आम्ल मारले जाते. ठोकताळा असा: कचऱ्यात पायराइटमधील गंधक १ टक्का असेल, तर दर १,००० टनांमागे ३१.२५ टन शुद्ध चुनखडी लागते. म्हणजे गंधक जास्त असेल तर हा मार्गही स्वस्त राहत नाही.

भारतात काय होते?

पर्यावरण मंजुरीच्या अटींत खाण खोदताना वरची सुपीक माती वेगळी साठवून ती पुन्हा वापरण्यास सांगितले जाते. ही माती लवकर पसरवणे महत्त्वाचे, कारण उंच ढिगात वर्षानुवर्षे पडून राहिल्यास तिच्यातील बिया आणि उपयुक्त सूक्ष्मजीव मरत जातात. कोळसा मंत्रालयाने २००९ मध्ये खाण बंद करण्याच्या आराखड्याची मार्गदर्शक तत्त्वे दिली. त्यानुसार या कामासाठी कंपनीला एस्क्रो खात्यात पैसे ठेवावे लागतात.

माती कमी असेल तिथे नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेने वेगळा मार्ग तपासला आहे. सेंद्रिय टाकाऊ पदार्थ, नत्र स्थिर करणारे जिवाणू आणि मुळांना साथ देणारी मायकोरायझा बुरशी वापरून खाणीच्या ढिगाऱ्यांवर झाडे वाढवता येतात.

जाडीइतकीच पोतही महत्त्वाची

अवजड यंत्रे फिरवून वरची माती दाबून टाकली, तर मुळे आत शिरत नाहीत आणि पावसाचे पाणी वरून वाहून जाते. त्यामुळे वरचा थर सैल ठेवणे, उतार कमी करणे आणि आधी गवत व शेंगवर्गीय झाडे लावणे हे सारे बरोबर चालावे लागते.

यशाची खरी परीक्षा पहिल्या पावसाळ्यात होत नाही. अमेरिकेत शेवटच्या पेरणीनंतर पुरेशा पावसाच्या भागात ५ वर्षे, तर कोरड्या भागात १० वर्षे खाणचालकाची जबाबदारी राहते. लागवडीच्या दिवशीचा फोटो हिरवा असतोच. पाच उन्हाळ्यांनंतर त्याच जागी काय उभे आहे, यावरून माती पुरली की नाही ते कळते.